टँकर कोणत्या सरकारचा

सुनीलभाऊंनी नोटीस माझ्या टेबलावर टाकली आणि खुर्ची न ओढताच बोलायला लागले.

"वकीलसाहेब, याचा जवाब लिहा लागते. असं लिहा का इस्माईल खानीत कामच करत नोता. तो रोडवर होता. रोड बांधकाम खात्याचा, म्हंजे राज्य सरकारचा. म्हंजे त्याची केस चंद्रपूरले चालतच नाई."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमीच त शिकवलं! यवतमाळले तुमी असंच उडवलं ना त्याले?"

यवतमाळला मी बरोबर याच्या उलट बोललो होतो. इस्माईल खाणीचा माणूस आहे, म्हणून त्याची केस राज्याच्या कोर्टात चालत नाही, असं सांगून मी ती काढून टाकायला लावली होती. त्या ऑर्डरला फार दिवस झाले नव्हते. मी तसं सुनीलभाऊंना म्हणालो.

"तेच त मनून राह्यलो," ते म्हणाले. "तिकडे उलटं लिवलं, आता इकडे सुलटं लिवा. कायले एवढा विचार करता?"

मी पंखा वाढवला आणि त्यांना बसायला सांगितलं.

मी वणीला वकिली करतो. पन्नाशी उलटली आहे. माझं निम्मं काम कोळशाच्या आसऱ्याने चालतं. खाण सरकारी कंपनीची असली तरी आतली बरीच कामं ठेकेदार करतात. कुणी माती उपसतो, कुणी कोळसा वाहतो. सुनीलभाऊंकडे पाणी मारण्याचा ठेका आहे. कोळशाच्या गाड्या धावल्या की काळी धूळ उडते, ती बसावी म्हणून टँकरने रस्ते ओले करायचे. त्यांचे करार, नोटिसा, कामगारांची पत्रं, सगळं मीच बघत आलो. माणूस मनाने वाईट नाही. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा त्यांची गाडी आठवडाभर माझ्या दारात उभी होती. पण ठेक्याला धक्का लागेल असं काही दिसलं की त्यांना दुसरं काही सुचत नाही.

इस्माईलची गोष्ट सांगण्याआधी कोर्टांची वाटणी सांगायला हवी. काही देशांत केंद्राची कोर्टं वेगळी आणि राज्यांची वेगळी असतात. आपल्याकडे तसं नाही. वणीच्या कोर्टापासून दिल्लीपर्यंत एकच शिडी आहे. कायदा केंद्राचा असो की राज्याचा, त्याच शिडीवरचे न्यायाधीश तो चालवतात. कामगारांच्या भांडणात मात्र वाटणी आहे आणि ती कडक आहे. जिनिंग, सूतगिरणी, एसटी, हॉटेल इथल्या कामगाराने राज्याच्या कामगार न्यायालयात जायचं. आमच्यासाठी ते यवतमाळला. रेल्वे, बँक आणि खाण इथल्या कामगाराने केंद्राकडे जायचं. आधी चंद्रपूरला केंद्राच्या कामगार अधिकाऱ्यापुढे समेटाचा प्रयत्न होतो. तिथे जमलं नाही तर नागपूरला केंद्राचं ट्रायब्युनल. मध्यंतरी कायद्यांची नावं बदलली, ही वाटणी बदललेली नाही.

खाणीच्या बाबतीत लोक चुकतात ते ठेकेदारामुळे. पगार ठेकेदार देतो आणि ठेकेदार खासगी. मग माणसाला वाटतं, आपला केंद्र सरकारशी काय संबंध? तो यवतमाळला जातो. पण इथे पगार कोण देतो हा प्रश्न नसतो, काम कुठे चालतं हा असतो. खाणीत ठेकेदाराचा झाडूवाला असला तरी त्याचं भांडण केंद्राकडे.

इस्माईल शेख राजूरचा. चाळिशीचा, अंगाने बारीक, कमी बोलणारा. सुनीलभाऊंच्या टँकरवर तो सुरुवातीपासून ड्रायव्हर होता. खाणीतले रस्ते आणि गेटच्या आतला वजनकाटा, एवढ्या भागात पाणी मारणं हे त्याचं काम. गेटच्या बाहेर पडलं की गाड्या ज्या रस्त्याने जातात त्याला लागून एक वस्ती आहे आणि वस्तीमागे शेतं. वेचणीच्या दिवसांत तिथला कापूस झाडावरच काळा पडतो. व्यापारी बोंड हातात घेऊन बघतो आणि भाव पाडतो. एक दिवस टँकर डिझेल भरायला बाहेर पडला तेव्हा वेचणीच्या बायकांनी तो अडवला. थोडं पाणी इकडेही मार म्हणाल्या. इस्माईलने व्हॉल्व्ह उघडला आणि वस्तीपासून शेतांच्या टोकापर्यंत रस्ता ओला केला. मग डिझेलला जाताना तो नेहमीच तेवढं करू लागला. सुपरवायझरने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी गेटवर त्याचा खाणीत शिरायचा पास काढून घेतला.

कामावरून काढल्याचं कारण लेखी द्यावं लागतं. ते असं दिलं: 'खाणीच्या हद्दीबाहेर विनापरवानगी पाणी मारले.' ते पत्र मीच लिहून दिलं होतं.

पास गेला की माणूस कोळशाच्या सगळ्या पट्ट्यातून उठतो. दुसरा ठेकेदार आधी विचारतो, जुना पास कुठे आहे? इस्माईल दोन-तीन ठिकाणी जाऊन आला. कुणी घेतलं नाही. मग तो लोकांच्या ट्रॅक्टरवर रोजीने जाऊ लागला, तेही हंगामात. त्याला पास परत हवा होता. पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत त्याची मागणी एवढीच होती.

त्याने वकील केल्या कुळमेथे मॅडम. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, मेहनती, पण तोवर त्यांनी खाणीची केस केलेली नव्हती. त्यांनी यवतमाळला कामगार न्यायालयात अर्ज टाकला. मी अर्ज वाचला आणि पहिल्याच पानावर मला कळलं की दार चुकलं आहे.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. केस चुकीच्या कोर्टात आली आहे ही हरकत कधीही घेता येते. पहिल्या तारखेला घेता येते आणि निकालाच्या आदल्या तारखेलाही. म्हणून आम्ही ती राखून ठेवतो. जवाबाच्या शेवटी एक ओळ असते: 'सदर अर्ज कायद्याने चालण्यास पात्र नाही.' ही ओळ प्रत्येक जवाबात असते. जी केस व्यवस्थित चालू शकते तिच्या जवाबातही असते. त्यामुळे ती कुणी वाचत नाही. केस आपल्या बाजूने गेली तर ओळ तशीच पडून राहते. विरोधात जायला लागली की तिच्यावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, साहेब, आम्ही पहिल्या दिवसापासून सांगतो आहोत. माझ्या सीनियरने मला हे शिकवलं. मी माझ्या हाताखालच्या वकिलांना शिकवलं. यात खोटं काही नाही. फक्त मधल्या काळात समोरच्या माणसाची वर्षं जातात.

मुदतीची गोष्टही आहे. केंद्राकडे जायला मुदत असते आणि ती कामावरून काढल्याच्या दिवसापासून मोजतात. केस चुकीच्या कोर्टात जितकी लांबेल तितकी ती मुदत संपत जाते. हेही मला माहीत होतं.

एकदा यवतमाळच्या बाररूममध्ये कुळमेथे मॅडम माझ्याच टेबलावर चहाला बसल्या. त्यांनी सरळ विचारलं.

"सर, अर्ज चालतो की नाही, यावर तुमचं काही म्हणणं आहे का?"

"जवाबात लिहिलंय ना, मॅडम. वाचा."

"ती ओळ त सगळेच लिहितात, सर."

"मग झालं तर."

त्या हसल्या, मीही हसलो. चहाचे पैसे मी दिले. त्या वेळी मी दोन वाक्यं बोललो असतो तर इस्माईलची केस त्याच महिन्यात चंद्रपूरला गेली असती. पण ती दोन वाक्यं बोलायचे पैसे मला कुणी देत नव्हतं, न बोलायचे देत होतं. मी स्वतःशी असाच हिशेब केला, आणि त्या वेळी तो मला बरोबरही वाटला.

केस चालली. तारखा पडल्या. काही मी मागून घेतल्या. शेवटी इस्माईलची साक्ष झाली आणि मी त्याची उलटतपासणी घेतली.

"गेटबाहेर पाणी मारायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"बायांनी."

"मी मालकाबद्दल विचारतोय."

"मालकानं नाई सांगतलं."

"म्हणजे मालकाचं पाणी तुम्ही परस्पर दुसऱ्याला दिलं."

"मालकाचं कायचं साहेब? खानीतून निंगते ते पानी. पंपानं काहाडतेत अन् नाल्यात सोडून देतेत. म्या नाल्याच्या आंधी रोडवर सोडलं."

कोर्टात दोन-चार जण हसले. न्यायाधीशही लिहिता लिहिता किंचित थांबले. मी पुढचे तीन प्रश्न विचारले, पण ते विचारायचे म्हणून. नाल्यात जाणारं पाणी रस्त्यावर मारलं म्हणून माणसाला काढलं, एवढंच आता कागदावर उरलं होतं. बाहेर आल्यावर सुनीलभाऊंनी माझा कोपर धरला.

"वकीलसाहेब, हे त आंगावर आलं. पास परत द्या लागला त उद्या सगळेच ड्रायव्हर माह्या डोक्यावर बसतीन. काई तरी करा बाप्पा."

पुढच्या तारखेला मी त्या ओळीवर बोट ठेवलं. खाण आहे, केंद्राचा विषय आहे, या कोर्टाला अधिकार नाही. सुनीलभाऊंच्या सहीचा आणि माझ्या सहीचा तपशीलवार अर्ज दिला. त्यात लिहिलं की इस्माईलचं सगळं काम खाणीच्या आतच होतं. कुळमेथे मॅडमनी कायद्याचं पुस्तक उघडलं, वाचलं आणि मिटलं. कायद्याने माझंच बरोबर होतं. कोर्टाने इस्माईलचा अर्ज काढून टाकला आणि योग्य ठिकाणी दाद मागायची मुभा दिली. दुसरं काही करणं त्यांच्या हातात नव्हतं.

ऑर्डर वाचून झाल्यावर इस्माईल मॅडमच्या मागे मागे व्हरांड्यात आला. मी तिथेच उभा होतो.

"मॅडम, मुभा देली मंते. म्हंजे जितलो का आपुन?"

मॅडम त्याला बाजूला घेऊन गेल्या.

तर आता नोटीस आली होती ती चंद्रपूरची. इस्माईलने मुदत संपता संपता तिथे तक्रार दिली होती. आणि सुनीलभाऊ माझ्यासमोर बसून म्हणत होते की तो खाणीत नव्हताच असं लिहा. तसं झालं असतं तर राज्य म्हणालं असतं केंद्राकडे जा, केंद्र म्हणालं असतं राज्याकडे जा, आणि इस्माईलच्या पासचा प्रश्न ऐकायला कुणी उरलं नसतं.

"सुनीलभाऊ," मी म्हणालो, "यवतमाळला आपण सही करून सांगितलं की तो खाणीचा माणूस आहे."

"हो."

"आणि त्याला काढलं ते खाणीबाहेर पाणी मारलं म्हणून."

"हो, मंग?"

"आता तो रस्त्यावरचाच माणूस होता असं म्हणालात, तर रस्त्यावर पाणी मारलं म्हणून काढलं कसं? ते तर त्याचं कामच झालं."

त्यांनी नोटिशीची घडी घातली, पुन्हा उघडली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी माहे वकील हा का त्याचे?"

"तुमचाच. म्हणून सांगतो. हे मी लिहिणार नाही."

"लिहू नका. मुनीमजी टाइप करन. तुमी फक्त सोबत चला. तुमी असले का जरा बरं वाटते."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण इतक्या वर्षांच्या क्लायंटला एकाच बैठकीत दोनदा नाही म्हणायची ताकद माझ्यात नव्हती. मी गेलो.

समेटाच्या बैठकीत वकिलाला आत बसता येत नाही. दोन बाजूंनी समोरासमोर बोलून मिटवावं, मध्ये वकील नको, असा त्यामागचा विचार आहे. विचार चांगला आहे. प्रत्यक्षात वकील बाहेर बाकावर बसलेले असतात आणि माणसं दार उघडून विचारायला येतात. त्या दिवशी बाकावर आम्ही दोघंच होतो, कुळमेथे मॅडम आणि मी. आत इस्माईल, सुनीलभाऊ आणि अधिकारी. चंद्रपूरचा उन्हाळा सुरू झाला होता. व्हरांड्यातला कूलर नुसताच आवाज करत होता.

"सर," मॅडम म्हणाल्या, "यवतमाळच्या तुमच्या अर्जाची नक्कल काढलीय. इस्माईलभाऊंच्या हाती देली आहे."

"चांगलं केलंत."

"इथे काय लिहिलं तुम्ही?"

"मी काही लिहिलेलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यापुढे मला बोलता येत नव्हतं. क्लायंटचं बोलणं बाहेर सांगता येत नाही, आणि ते सांगण्यासारखंही नव्हतं. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "मीही चुकलेच सर. ठेकेदार पाहिला अन् यवतमाळ धरलं. घरी जाऊन रडली मी त्या दिवशी."

आतून अधिकाऱ्यांचा आवाज आला. बदलीवर आलेले गृहस्थ होते, हिंदी बोलत.

"ये दोनों कागज आपके हैं ना? इसमें लिखा है खदान में काम करता था. इसमें लिखा है नहीं करता था. मैं कौनसा पढूँ?"

सुनीलभाऊंचं उत्तर ऐकू आलं नाही.

"नहीं नहीं, सोच के बताइए. जो सही है उसपे आज दस्तखत कीजिए."

दार उघडलं. सुनीलभाऊ बाहेर आले. कपाळ घामाने ओलं होतं.

"वकीलसाहेब, दोनी कागद समोर मांडून बसला तो. मनते एकावर सही कर. काय सांगू?"

त्यांना वाटलं मी उठून कोपऱ्यात येईन. मी उठलो नाही. दार उघडंच होतं, इस्माईल आतून बघत होता, मॅडम शेजारी होत्या.

"यवतमाळला सांगितलं तेच सांगा," मी म्हणालो.

"म्हंजे खान?"

"खाण."

"मंग त केस इथं चालन."

"चालेल."

"चालू द्याची मंता?"

"दुसरं काही म्हणालात तर दोन सरकारी ठिकाणी दोन उलट गोष्टींवर सही केली असं होईल. त्याची वेगळी केस होऊ शकते, ती तुमच्यावर. आणि यवतमाळच्या त्या अर्जावर तुमच्या सहीजवळ माझीही सही आहे."

हे शेवटचं वाक्य मी का बोललो ते सांगून टाकतो. मी काही धैर्याने बोललो नाही. ती सही मला खरोखरच दिसत होती. वकिलाने एका कोर्टात एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरं सांगितलं अशी तक्रार झाली तर माझी सनदच अडचणीत आली असती. इस्माईलबद्दल वाईट वाटत होतं हे खरं, पण ते तर यवतमाळलाही वाटत होतं आणि तिथे मी बोललो नव्हतो.

सुनीलभाऊ म्हणाले, "लय भारी वकील केला म्या," आणि आत गेले.

त्यांनी खाण म्हणून सही केली. मुनीमजींचा कागद अधिकाऱ्यांनी बाजूला काढून परत दिला. दार अर्धवटच लागलं होतं, त्यामुळे पुढचंही ऐकू येत होतं.

"ठीक है. अब बताइए, इसको वापस लेंगे?"

"साहेब, डिसिप्लिन का सवाल है. एक को लिया तो सब..."

"नहीं लेना है तो मत लीजिए. मैं लिख दूँगा समझौता नहीं हुआ. ये नागपूर जाएगा ट्रायब्युनल में. वहाँ खदान के मैनेजमेंट को भी पार्टी बनाएगा. बनाएगा ना?" हे इस्माईलला उद्देशून असावं.

"मॅडम मनतीन तसं करीन, साब," इस्माईल म्हणाला.

इथे वाचकांना कळणार नाही असं एक आहे. ठेकेदार कामगाराला घाबरत नाही, कोर्टालाही फारसा घाबरत नाही. त्याच्यामुळे खाणीच्या व्यवस्थापनाला नोटीस जाणं, याला तो घाबरतो. पुढच्या ठेक्याच्या वेळी ती नोटीस कुणीतरी आठवणीने काढतं. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

या वेळी इस्माईल बाहेर आला, मॅडमकडे.

"मॅडम, घेतो मंते. पास देतो, टँकर देतो. नोकरी तुटली नाई असं लिहून देतो. पन मधल्या सालांचं काई मागाचं नाई मंते."

मॅडम ताडकन उठल्या. "नाही घ्यायचं असं. नागपूरला चला. आपली बाजू पक्की आहे. मधल्या वर्षांचा पगारही मिळेल."

"किती तारखा लागतीन?"

"ते सांगता येत नाही, भाऊ."

"यवतमाळवानी?"

मॅडम खोटं सांगू शकल्या असत्या. सांगितलं नाही.

"मंग राहू द्या," इस्माईल म्हणाला. "मले गाडी चालवता येते तवरच पास कामाचा. मोठ्या गाडीच्या लायसनले डोळे तपासतेत. आतास मले दुरचा बोर्ड बराबर दिसत नाई. अजून दोन-चार सालं गेली त पास घेऊन काय चाटू?"

तो आत जाऊन सही करून आला. सगळ्यांच्या सह्या झाल्या. सुनीलभाऊ बाहेर आले, रुमालाने मान पुसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "माह्या फायली मुनीमजीकडे पोचवून देजा." गाडीत बसून निघून गेले. मी त्यांच्याच गाडीने आलो होतो.

कुळमेथे मॅडम नकला घ्यायला आत थांबल्या. मी पायऱ्यांवर उभा होतो. इस्माईल खाली आला, पुढे गेला आणि परत फिरला.

"वकीलसाहेब, एक इचारू? राग नका मानू."

"विचारा."

"ही खान हाये, केस इकडे चालते, हे तुमाले कवा समजलं?"

"तुमचा अर्ज वाचला तेव्हाच."

"पयल्या दिवशी?"

"हो."

त्याने मान हलवली. चिडला नाही. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"मंग तवा सांगता आलं असतं."

"आलं असतं."

"नाई सांगतलं काहून?"

"सुनीलभाऊंच्या फायद्याचं नव्हतं."

"बराबर हाये," तो म्हणाला. "तुमी त्याहिचे वकील." मग खिशातून टोपी काढून डोक्यावर चढवली. "वनीले कसे जासान? गाडी त गेली तुमची. चला, मी बी तिकडेच चाललो."

आम्ही बसने एकत्र वणीला आलो. तिकिटं मी काढायला निघालो तर त्याने माझा हात मागे सारला आणि दोघांचीही त्याने काढली. वाटेत तो माझ्याशी पावसापाण्याचं बोलला, मुलीच्या शाळेचं बोलला. केसबद्दल एक अक्षर बोलला नाही. मीही माफी मागितली नाही. काय म्हणून मागायची तेच मला धड मांडता येईना. मी कायदा मोडला नव्हता. कोर्टाने माझंच म्हणणं मान्य केलं होतं. त्या ऑर्डरमध्ये माझ्या युक्तिवादाबद्दल एक चांगलं वाक्यही आहे.

इस्माईल परत टँकरवर आहे. डोळ्यांची तपासणी या खेपेला तरी पार पडली. गेटबाहेरच्या रस्त्यावर पाणी मारणं त्याने सोडलं आहे. तडजोडीत तशी अट होती, ती मी वाचलेली नव्हती. वस्तीतल्या बायका आता त्याला अडवत नाहीत, असं मॅडमनी सांगितलं.

सुनीलभाऊंचं काम माझ्याकडून गेलं. त्यांच्या मागोमाग आणखी एका ठेकेदाराने फाइली नेल्या. बाकीचे राहिले, कारण वणीत हे काम करणारे वकील थोडे आहेत. जवाबाच्या शेवटची ती ओळ मी अजूनही लिहितो, नाही लिहिली तर क्लायंट विचारतो. पण दार चुकलेलं दिसलं तर पहिल्याच तारखेला वेगळा अर्ज देतो की आधी कोर्ट ठरवा, मग बाकीचं चालवा. ज्युनियर म्हणतात, सर, हातचा हुकूम पहिल्याच डावात टाकून देता तुम्ही. म्हणू देत. एवढं केल्याने जुनं काही फिटत नाही हे मला कळतं.

या लेखातून कुणाला काही घ्यायचं असेल तर ते एवढंच आहे. समोरचा वकील दार दाखवेल या भरवशावर राहू नका, ते त्याचं काम नाही. आपल्या वकिलालाही पहिल्या भेटीत विचारा की हे भांडण कोणत्या सरकारकडे जातं. आणि काम खाणीच्या गेटच्या आत असेल, तर पगार कुणीही देत असो, यवतमाळची बस धरू नका.